पहिला तुमचा, हा आमचा

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की एका कार्टूनवरून तुमच्या घरात एवढी वादावादी कसली झाली? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, त्यात आईनं मध्येच फोन घेतला आणि विषय लोणच्याच्या बरणीवर गेला. म्हणून आता सविस्तर लिहिते. तुम्हाला हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

सिनेमाचं नाव 'इनसाइड आउट २'. पहिला भाग २०१५ साली आला, दुसरा २०२४ च्या जूनमध्ये. रायली नावाची अमेरिकेतली एक मुलगी आहे. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशी पाच पात्रं बसलेली असतात आणि समोरची बटणं दाबून तीच तिला हसवतात, रडवतात, चिडवतात. पहिल्या भागात रायली अकरा वर्षांची होती. आता ती तेराची झाली आहे, म्हणजे आपल्या मोठीएवढीच, आणि डोक्यात चार नवी मंडळी येऊन थडकतात: चिंता, हेवा, कंटाळा आणि ओशाळलेपणा. चिंता नारिंगी रंगाची, केस पिंजारलेली. ती सामानसुमान घेऊनच येते आणि थोड्याच वेळात जुन्या पाचजणांना बाहेर काढून सगळा कारभार हातात घेते.

शनिवारी भाऊजी आणि जाऊबाई सिंहगड रोडवरून आले होते, शेजारच्या काकूही होत्या. सगळ्यांनी मिळून हिंदीत पाहिला. संपल्यावर भाऊजी म्हणाले, "पहिल्याची सर नाही. तेव्हा कल्पनाच नवी होती. इथे पुन्हा तेच, आनंद डोक्यातल्या त्या बटणांच्या खोलीबाहेर फेकली जाते आणि धडपडत परत येते." पहिल्या भागात रायलीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र बिंग बाँग विरून जातो, तिथे ते थिएटरात रडले होते. तसं इथे काही नाही, अशी त्यांची तक्रार. काकू आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. त्यांना वाटलं, मुलांच्या सिनेमात मुलांनी हसावं, एवढी घालमेल कशाला दाखवायची? धाकट्याला मात्र बोलणारा पाउच तेवढा आवडला, बाकी वेळ तो सोफ्यावर उलटापालटा होत होता.

भाऊजींचं म्हणणं मला निम्मं पटतं. हेवा आणि कंटाळा या दोघींना काम फारच थोडं आहे, आणि मधला प्रवास ओळखीचा वाटतो हे खरंच. तरीही जगभर या सिनेमानं दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई केली, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. एवढी माणसं नुसती बिंग बाँगच्या आठवणीनं गेली असतील असं मला वाटत नाही.

मोठी बराच वेळ गप्प होती. मग काकांना म्हणाली, "पहिला तुमचा होता. हा आमचा आहे."

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पहिल्या भागात मूल मोठं होताना बघणाऱ्याचं दुःख होतं, म्हणून आम्ही आई-बाप रडलो. दुसऱ्यात जे मूल मोठं होतंय, त्याच्या आत काय चाललंय ते आहे. हा दुसरा सिनेमा करताना किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या लिसा डामूर या मानसतज्ज्ञांचा सल्ला घेतला होता, आणि ते दिसतं. भीतीचं काम समोर दिसणाऱ्या धोक्यापासून रायलीला वाचवायचं, तर चिंतेचं काम न दिसणाऱ्या धोक्यापासून. ती रात्री डोक्यातल्या चित्रकारांना ओळीनं बसवून उद्या काय काय बिघडेल याची चित्रं काढून घेते आणि रायली टक्क जागी पडून राहते. निवड चाचणीच्या आदल्या रात्री मोठीच्या खोलीतला दिवा मी असाच जळताना पाहिलाय. तिची बास्केटबॉलची बॅग संध्याकाळीच भरून दाराशी ठेवलेली होती, तरी ती उठून पुन्हा पुन्हा चेन उघडून बघत होती.

शेवटी शेवटी एक प्रसंग आहे. बर्फावरच्या हॉकीचा सामना चालू असतो. रायलीची मैत्रिणीशी जोरात टक्कर होते आणि तिला दोन मिनिटं बाहेर बसवतात. तिथे तिची छाती धडधडायला लागते, श्वास पुरेनासा होतो. आत चिंता बटणांभोवती वावटळीसारखी गरगरतेय, आणि त्या वावटळीच्या मधोमध ती स्वतः मात्र गोठून उभी, डोळ्यांत पाणी. तिलाही थांबता येत नाही. आनंद तिला दरडावत नाही, रायलीला सोड एवढंच सांगते. मग रायलीचा हात बाकाच्या लाकडावरून फिरतो, श्वास हळूहळू खाली बसतो. मोठीनं हा भाग दुसऱ्या दिवशी एकटीनं पुन्हा लावला. काकूंना मी एवढंच म्हटलं, की घालमेल मुलांना होतेच आहे, सिनेमानं ती फक्त त्यांच्यासमोर मांडली.

आणि चिंता यात खलनायिका नाही, हे मला सगळ्यात आवडलं. ती जे करते ते रायलीच्या काळजीपोटीच. शेवटी तिला कोणी हाकलून देत नाहीत. आरामखुर्चीत बसवतात, हातात चहा देतात. आई, आम्ही खंबाटकी घाट उतरून घरी येईपर्यंत तू जेवत नाहीस ना, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दिवाळीत मोठी साताऱ्याला आधी येईल, आम्ही मागून. सिनेमा तुम्हाला दाखवायचा असं तिनं ठरवून टाकलंय. बाबा, 'कार्टून काय बघायचं' म्हणू नका, तिच्याशेजारी बसा. दीड तासाच्या आसपासचाच आहे, दुपारचा चहा झाल्यावर लावा, म्हणजे तुम्हाला डुलकी लागणार नाही. हॉकीचा तो प्रसंग आला की 'त्यात काय एवढं घाबरायचं' हे वाक्य तेवढं नको. तिला तुम्ही फार जवळचे आहात, तुमचं बोलणं ती मनात धरून ठेवते. नंतर ती काही बोलली तर ऐकून घ्या, नाही बोलली तर खोदून विचारू नका. आणि नावं यायला लागली तरी टीव्ही बंद करू नका. रायलीचं एक गुपित सिनेमाभर तिजोरीत कोंडलेलं असतं, ते अगदी शेवटी बाहेर येतं.

बाबा, बीपीची गोळी वेळेवर घ्या. लोणचं पोचलं, आई, मीठ बरोबर आहे.

तुमची,
लेक