जूनचं पान

नागपूर,
६ जुलै

सुध्या लेका,

दिवाळीत आलेलं तुझं पत्र अजून खणात आहे. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय, म्हणजे वाचलंच नाही म्हणायचीही सोय उरली नाही. शुगर जिथल्या तिथे, संध्याची पाठ तशीच, मनूचं एमडीचं शेवटचं वर्ष सुरू आहे, बाबा आता बरे. झालं तब्येतपुराण.

आता त्या "बाबा आता बरे" बद्दल लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. संध्यालाही अर्धंच सांगितलंय.

बाबांना उष्माघात झाला. मेमध्ये नाही. मेमध्ये ४५ च्या उन्हात हा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर सांडगे राखत होता. नवतपा गेला, मृगाच्या दोन सरी पडल्या, पारा ३८ वर आला, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग झाला. ११ जूनला. घरात, सावलीत, मी स्वतः बनवलेल्या कूलरसमोर.

वरची खोली तुला ठाऊकच आहे, रात्र रात्र जागून आपण ड्रॉइंगच्या शीटा काढल्या ती. बाबा आता तिथेच झोपतात. आदल्या रात्री दिव्यावर पाऊसकिडे आले म्हणून कुरकुरत होते, म्हणून सकाळी मी वर जाऊन मागची खिडकी लावली, कडी घातली, दार ओढलं आणि कूलर फुल करून माझ्या कूलर बनवायच्या शेडला निघून गेलो. पुन्हा वाच. खिडकी मी लावली. हीट ट्रान्सफरमध्ये वर्गात पहिला आलेल्या माणसाने.

चारला संध्या चहा घेऊन वर गेली तर दार उघडताच धोब्याच्या भट्टीसारखी वाफ अंगावर आली. टेबलावरचा पेपर ओल्या पोळीसारखा लुळा पडलेला. चादर दमट, भिंतीला हात लावला तर हाताला ओल. बाबा पलंगावर बसलेले, अंग घामाने चिंब आणि आतून तव्यासारखं. मी पोचलो तेव्हा मला म्हणाले, "वसंता, शिट्टी झाली का रे?" वसंतकाकांना जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि शिट्टी म्हणजे मिलची.

मनूला फोन लावला. मी गाडीची किल्ली शोधतोय आणि ती ओरडतेय, "आधी गार करा, मग गाडी काढा! पॅरासिटामॉल देऊ नका, ह्यात त्याचा उपयोग नाही!" शेजारच्या लग्नाचा बर्फ उरला होता, तो पोत्यासकट आणला. मान, काखा, जांघा. ओली चादर, वरून पंखा. दवाखान्यात मोजलं तेव्हा ४०.६ होता, म्हणजे घरी किती असेल ते न मोजलेलंच बरं. तीन दिवस ठेवून घेतलं. ब्लडप्रेशरसाठी जी लघवीची गोळी होती तिनेही घात केला म्हणे, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ऐक. बाबा घरी आल्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून राहिले, "पोराचा कूलर होता म्हणून वाचलो, नाहीतर गेलोच होतो." परवा शेजारचे काका तर ते ऐकून दोन कूलरची ऑर्डर देऊन गेले. हसू नको बे.

आता ९२ सालाकडे ये. माझ्याआधीच पोचला असशील तिथे. आपला प्रोजेक्ट: कूलरला वाळ्याची ताटी विरुद्ध लाकडी भुसा. आठव, कॉलेजच्या गच्चीवर हवेतली ओल मोजायचा तो सायक्रोमीटर आपण खुळखुळ्यासारखा गरगर फिरवायचो, आणि ओली वात तू घरच्या समईची आणली होतीस, कारण स्टोअरमधली मिळेना. मेमधली आकडेवारी कशी सुंदर होती. कोरडा पारा ४५, आर्द्रता पंधरा टक्के, ओल्या वातीचा पारा, म्हणजे पाणी वाळवून हवा जितकी गार होऊ शकते तो, २४ च्या आसपास. मध्ये एकवीस अंशांची दरी. कूलरने तिच्यातला ऐंशी टक्के पल्ला गाठला की खोलीत २८ ची हवा. आणि मग जून आला. कोरडा ३८, आर्द्रता पन्नास, ओली वात २९ वर. दरी नऊ अंशांचीच. कूलर जीव तोडून चालला तरी ३१ ची, तीही पाण्याने भरलेली हवा. खिडकी बंद असेल तर तीच हवा पुन्हा ताटीतून जाते, आणखी भिजते, आणि खोली हळूहळू वरण शिजवायला घेते.

जूनचं पान मी रिपोर्टातून काढलं. "सर विचारतील, व्हायव्हात फजिती होईल," म्हटलं. तू म्हणालास, "हेच तर पान आहे बे, बाकी सगळं तर मिस्त्रीलाही माहीत आहे." मी ऐकलं नाही. आपल्याला बक्षीस मिळालं आणि तू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. माझ्या मते तू तेव्हा बक्षिसाच्या फोटोत मागे उभं राहावं लागलं म्हणून फुगला होतास. अजूनही मला थोडंसं तसंच वाटतं, सांगून ठेवतो.

दवाखान्यात रात्री झोप येईना तेव्हा मनूला म्हटलं, ह्या विषयावर काही वाचायला पाठव. तिने इतकं पाठवलं की फोन तापला. माणूस किती उष्णता सोसू शकतो ह्याची मर्यादा आपल्या वेळी सांगायचेच नाहीत. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्युबर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की ओल्या वातीचा पारा ३५ ला गेला की माणूस कितीही धडधाकट असो, सावलीत नुसता बसला असो, अंगातली उष्णता बाहेर टाकूच शकत नाही. ते गणित होतं, कागदावरचं. मग अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी माणसंच खोलीत बसवली. गोळीएवढा थर्मामीटर गिळायला द्यायचा, हलकंसं काम करायला लावायचं आणि हवेतली उष्णता किंवा ओल पायरीपायरीने वाढवायची. २०२२ ला निष्कर्ष आला: तरुण, निरोगी पोरांच्याही अंगातल्या उष्णतेचा तोल दमट हवेत ३० - ३१ लाच सुटतो. कोरड्या, तापलेल्या हवेत तर ओल्या वातीचे २५ ते २८ झाले की पुरे, कारण घाम निघण्याचा वेगच कमी पडतो. आणि आपल्या जूनच्या पानावर होते २९. बाबांचं वय ८१. तरुणांची मर्यादा एवढी, तर त्यांची कुठे असेल?

ओटावाच्या विद्यापीठात म्हाताऱ्या लोकांना आठ आठ तास २२, २६, ३१, ३६ अंशांच्या खोलीत बसवून बघितलं आणि म्हणाले, घरात २६ च्या वर जाऊ देऊ नका. हे मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "२६ ला तर मी मफलर शोधतो."

पंख्याचंही वाचलं. सिडनीच्या लोकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ४० अंश आणि निम्मी आर्द्रता असेल तर साधा पंखा कामाचा, पण ४७ अंशांच्या कोरड्या हवेत पंखा उलट माणसाला भाजतो. म्हणजे आपली नागपूरची उलटी रीत: मेच्या दुपारी नुसता पंखा वैरी आणि जूनमध्ये पंप बंद करून पंखाच बरा. अर्थात त्यांचे सगळे तरणेबांड. बाबांना घामच मुळात कमी, तर वारा वाळवणार काय?

ह्यात तुझा अनिकेतही आला. त्याला म्हटलं, तुमच्या अर्थशास्त्रात उन्हाचं काय आहे का रे? पोराने दहा मिनिटांत पेपर पाठवला. (बापापेक्षा बरा आहे, तुला अजून फाइल जोडता येत नाही.) २०२१ चा, आपल्याच चार अर्थतज्ज्ञांचा: वर्षाचं तापमान एका अंशाने चढलं की देशातल्या कारखान्यांचं उत्पादन साधारण दोन टक्क्यांनी उतरतं. कापड विणणारे, कपडे शिवणारे, आणि इथून चार तासांवरच्या भिलाईतल्या रुळांच्या मिलमधले कामगार, रोजच्या रोज मोजलेले. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. जिथे कामाच्या जागी थंडाव्याची सोय होती तिथे काम घटलं नाही, पण गैरहजेरी मात्र वाढलीच. का, ते तुला सांगायला नको. शेड गार केली, पण माणूस रात्र काढतो पत्र्याखाली.

हेही बाबांना सांगितलं. ते हसले. एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी हवेत पाण्याचे फवारे उडवणारी यंत्रं बसवली होती, देशात पहिल्यांदा, हे तू त्यांच्या तोंडून पन्नासदा ऐकलंयस. पण ती सुतासाठी. कोरड्या हवेत धागा तुटतो. "धाग्याला ओल पाहिजे आणि माणसाला कोरडं, आणि पगार धाग्याचा," असं म्हणून कुशीवर वळले. तीस वर्षं तसल्या हवेत काढली म्हणूनच खोलीतली वाफ त्यांना खटकली नाही की काय, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला विचित्र वाटेल ती हवा त्यांना कामावर आल्यासारखी वाटली असेल. शिट्टी झाली का रे.

मी आपल्या बाजूचंही चाळलं. स्टॅनफोर्डच्या रामन आणि फॅन यांनी २०१४ मध्ये भर उन्हात, वीज न लावता, खास लेप दिलेली एक चकती बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ पाच अंशांनी गार ठेवून दाखवली. ती आपली उष्णता ८ ते १३ मायक्रॉनच्या लहरींतून थेट आकाशात फेकते. पर्ड्यू विद्यापीठवाल्यांनी २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा पांढरा रंग केला, ९८ टक्के ऊन परतवणारा. आपण गच्चीला चुना मारतो त्याचाच शहाणा नातू. वाचून मला आनंद झाला, आणि लगेच ओसरला. हवेत बाष्प वाढलं की त्या लहरींची आकाशाकडची खिडकीच मिटत जाते. घाम, कूलर आणि आकाश, तिघांचं दुकान जूनमध्ये एकाच वेळी बंद. उपाय एकच दिसतो: ओल न घालता गार करणारा दुहेरी नळ्यांचा कूलर, मैसोत्सेन्को पद्धतीचा, ओली हवा एकीकडे आणि खोलीत येणारी हवा दुसरीकडे. एक नमुना पत्र्यात कापून बघितला. सध्या त्याचा आवाज छोट्या विमानासारखा येतो आणि गारवा मांजराच्या फुंकरीइतका.

दरम्यान मी एक मूर्खपणा केला. शेडमधून निघणाऱ्या प्रत्येक कूलरवर पिवळं स्टिकर लावतो: "समोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळी हवेत पंप बंद करून नुसता पंखा चालवा." इतवारीतला दुकानदार फोनवर भडकला, "भाऊ, कूलर बंद ठेवा असं कूलरवरच लिहून विकता का?" चाळीस परत आले. रामटेके मिस्त्री मात्र स्टिकर वाचून शांतपणे म्हणाला, "साहेब, कूलर हवा फेकते तशी खाते बी. खिडकी नसन त मानूस उकडून निंघते. हे तुमाले आता समजलं काय?" ३२ वर्षं माझ्याकडे आहे तो. विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं.

माझ्या मनातलं असं आहे. ह्या ३२ वर्षांत मी किती कूलर विकले ते तुला माहीत आहे. त्यातले किती बंद खोल्यांत गेले, गाळ्यांत, जिन्याखालच्या भाड्याच्या खोल्यांत, पोरींच्या होस्टेलात? प्रत्येक वेळी आम्ही सांगितलं, "थंडी लागली तर स्पीड कमी करा." खिडकीबद्दल कधी नाही. ते पान काढून टाकल्यावर ते माझ्या डोक्यातूनही निघून गेलं होतं, खरंच सांगतो, लबाडी म्हणून नाही. मला जून आठवायचा तो पाऊस येणार म्हणूनच.

बाबांना सांगू का? संध्या म्हणते, कशाला, ८१ वर्षांच्या माणसाला आपल्या पोराचं कौतुक करू दे. मनूला कळलंय बहुतेक. तिने परवा सहज विचारलं, "खिडकी कुणी लावली होती?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता भाजी चिरायला घेतली.

तुझं काय? रिटायर होऊन आता तरी पुण्याच्या त्या अकराव्या मजल्यावरून उतरतोस का? गुडघ्याचं ऑपरेशन केव्हा? वहिनींना सांग, संत्र्याची बर्फी कुणी येणारं सापडलं की धाडतो. अनिकेत चांगला निघाला, त्याला ओरडत जाऊ नको.

एक काम कर. भांडण झालं तेव्हा ती निळी वही तू उचलून नेली होतीस आणि मी "ने, तुझ्याच बापाची आहे" असं म्हटलं होतं. तू कचरासुद्धा फेकत नाहीस, म्हणजे ती असणारच, कुठल्या तरी ट्रंकेत. तिच्यात शेवटून तिसरं की चौथं पान, वर तुझ्या किरट्या अक्षरात "जून", बाजूला समईच्या वातीचा तेलाचा ठिपका. फोटो नको, पान फाडून पाकिटात घालून पाठव. बाबांना दाखवायचं आहे.

तुझा,
बाळ्या