हॉली मिचेल यांना खुले पत्र: कायदे तुम्ही केलेत, आता सुधारगृहही तुमच्याच ताब्यात आहे

मा. हॉली मिचेल,
सुपरवायझर, दुसरा मतदारसंघ, लॉस एंजेलिस काउंटी

सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्रातून आलेली, तुमच्या मतदारसंघात राहणारी. आमच्याकडे आमदारानं जिल्ह्याच्या कारभारात उतरायचं म्हणजे पायरी उतरणं. इथे उलट आहे. काउंटी म्हणजे इथला जिल्हा; तिच्यात सुमारे एक कोटी लोक आणि तिचा कारभार चालवणारे निवडून आलेले सुपरवायझर पाच. तुमच्या एकटीच्या वाट्याला वीस लाख माणसं येतात, राज्य सिनेटरच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून २०२० साली तुम्ही राज्याच्या राजधानीतलं, सॅक्रामेंटोतलं, सिनेटरपद सोडून इथे निवडून आलात तेव्हा मला फार आनंद झाला.

त्याला कारण तुमचं तिथलं काम. सरकारी मदतीवर असलेल्या बाईला आणखी मूल झालं तर त्या बाळासाठी वाढीव पैसे द्यायचे नाहीत, असा नियम कॅलिफोर्नियात १९९४ पासून होता. सूट हवी तर बलात्काराची तक्रार दाखवा, नाहीतर तांबी किंवा नसबंदीनंतरही दिवस गेले हे सिद्ध करा. खिडकीपलीकडच्या कारकुनाला हे सांगताना त्या बाईचं काय होत असेल! तुम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरलात आणि २०१६ मध्ये तो नियम गेला. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करायला मनाई करणारा २०१९ चा कायदाही तुमचाच, देशातला पहिला.

पण हे पत्र लिहितेय ते मुलांसाठी. मुलाला कोठडीत ठेवल्याचं बिल आईबापांना पाठवण्याची पद्धत बंद झाली, बारा वर्षांखालच्या मुलांवरचे खटले अत्यंत गंभीर गुन्हे वगळता थांबले. दोन्ही कायद्यांमागे तुम्ही होतात. आता काउंटीच्या कोठडीतली मुलं ज्या प्रोबेशन (गुन्ह्यात सापडलेल्यांवर देखरेख करणाऱ्या) खात्याच्या ताब्यात आहेत, ते खातं तुम्हा पाच सुपरवायझरांच्या मंडळाच्या हाताखाली आहे.

डाउनीचं लॉस पाद्रिनोस बालसुधारगृह २०२३ च्या जुलैत पुन्हा उघडलं. त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत तिथे मुलांच्या मारामाऱ्या घडवून आणल्या किंवा होऊ दिल्या, असा आरोप २०२५ च्या मार्चमध्ये तीस अधिकाऱ्यांवर ठेवला गेला. आरोपपत्रात बळी म्हणून १४३ मुलं आहेत, सर्वांत लहान बारा वर्षांचं. न्यायालय निकाल देईल तेव्हा देईल. पण राज्याच्या देखरेख मंडळानं ही जागा मुलांना ठेवण्यास अयोग्य ठरवली ती त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, आणि मुख्य कारण होतं अपुरे कर्मचारी. अधिकारी कामावर येत नाहीत म्हटल्यावर मुलाला वर्गात कोण नेणार, डॉक्टरकडे कोण नेणार?

तुम्ही शपथ घेण्याच्या काही दिवस आधी मंडळानं ठरवलं होतं की मुलांचा कारभार प्रोबेशनकडून काढून नव्या युवा विकास खात्याकडे टप्प्याटप्प्यानं द्यायचा. खातं २०२२ मध्ये सुरू झालं. कोठड्या मात्र प्रोबेशनकडेच राहिल्या. राज्याचा कायदा आड येतो, कर्मचारी संघटना विरोध करतात, हे मला कळतं. पण राज्याचा कायदा कसा बदलायचा हे त्या पाच खुर्च्यांमध्ये तुमच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

म्हणून दोन गोष्टी मागते. किती अधिकारी गैरहजर होते आणि त्यामुळे किती मुलांची शाळा वा औषधोपचार बुडाले, याचा आकडा दर महिन्याला मंडळाच्या जाहीर बैठकीत तुम्ही स्वतः वाचून घ्या. आणि हस्तांतराची तारीख ठरावात लिहून घ्या. त्यासाठी सॅक्रामेंटोत कायदा बदलावा लागला तर त्याचा मसुदा घेऊन तुम्हीच तिथे जा.

आपली,
दुसऱ्या मतदारसंघातील एक मराठी रहिवासी