साडेतीन टक्क्यांचा कर आणि 1925 चा संप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या कापडगिरण्यांचा विषय निघाला की लिहिणारे भोंगा, चाळ आणि 1982 चा संप याच्या पुढे फारसे जात नाहीत. गिरण्यांनी देशाच्या राजकारणाला वळण कसे दिले, हे कळण्यासाठी जकातीचे दर पाहावे लागतात. वाचायला रुक्ष, पण भांडणाचे मूळ तिथेच आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत गिरणीसाठी कंपनी काढली. धंदा वाढू लागला तशी विलायती कापडावरची आयात जकात मँचेस्टरला, म्हणजे इंग्लंडच्या कापडधंद्याच्या केंद्राला, खुपू लागली आणि 1882 मध्ये सरकारने ती काढून टाकली. पुढे तिजोरीत खडखडाट झाल्यावर 1894 मध्ये 5 टक्क्यांनी पुन्हा बसवली, पण त्याबरोबर देशी गिरण्यांच्या 20 काउंटच्या वरच्या सुतावर तेवढाच उत्पादन कर आला. एक पौंड सुतात 840 यार्डांच्या 20 लडी भरल्या की ते 20 काउंटचे सूत. आखूड धाग्याच्या देशी कापसातून त्याहून बारीक सूत काढणे अवघड, म्हणून मुंबईचा बराचसा माल या करातून सुटत होता. ही फटही मँचेस्टरला नको होती. 1896 मध्ये सुतावरचा कर गेला आणि कापडावर दोन्हीकडे 3.5 टक्के ठरले : आयातीवर जकात, देशी गिरणीच्या कापडावर उत्पादन कर. मँचेस्टर ज्या जाड्याभरड्या कापडाच्या वाटेलाही जात नव्हते, तेही यात आले. हातमाग मात्र वगळला होता.

आयात जकातीतून उत्पादन कर वजा केला की खरे संरक्षण किती ते कळते. 1896 मध्ये ते शून्य. 1917 मध्ये जकात 7.5 झाली, म्हणजे संरक्षण 4. 1921 मध्ये जकात 11, संरक्षण 7.5. गिरणीमालक, वकील आणि संपादक एरवी एका पंगतीला बसणारे नव्हेत, या 3.5 टक्क्यांनी त्यांना एक सामाईक तक्रार दिली. 1905 च्या स्वदेशीमागे बंगालची फाळणी होती हे खरे, पण परदेशी कापडावरच्या बहिष्काराला लागणारा युक्तिवाद त्याआधी नऊ वर्षे तयार होत होता.

याच काळाची दुसरी बाजू आपल्याकडे थोडी झाकून सांगितली जाते. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मालकांच्या मते हा लँकेशायरचा, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातल्या गिरणीवाल्यांचा, डाव होता. आरोप निराधार नव्हता, पण मुले खात्यात राबत होती हेही खोटे नव्हते. राष्ट्रवादी वृत्तपत्रांचा कल तेव्हा बहुतांशी मालकांकडे होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, तो या दोघांच्याही सोयीचा नव्हता.

आता 1925. मंदी आणि जपानी स्पर्धेचे कारण देऊन मालकांनी मजुरी 11.5 टक्क्यांनी कापण्याचे ठरवले. सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला आणि अडीच महिने टिकला. डिसेंबरमध्ये सरकारने उत्पादन कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि 1926 मध्ये कर कायमचा गेला. इतकी वर्षे मालकांच्या अर्जांनी जे झाले नाही, ते कामगारांच्या संपाने झाले. याचे श्रेय कामगारांना देणारे लिखाण मात्र कमीच.

कर गेला तरी मालकांच्या हाती फारसे लागले नाही, कारण हुंडणावळीचा, म्हणजे रुपया-पौंड विनिमयाचा, दर. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया 16 पेन्सचा होता (पौंडाचे पेन्स 240). 1927 च्या कायद्याने 18 पेन्सचा झाला. एक पौंडाचे कापड आधी 15 रुपयांना पडत होते, ते आता 13 रुपये 5 आणे 4 पैंना पडू लागले (रुपयाचे आणे 16, आण्याच्या पै 12). त्यावर 11 टक्के जकात चढवली तरी 14 रुपये 13 आण्यांच्या आतच. म्हणजे 18 पेन्सच्या दराने जकातीसकट आलेले कापड, 16 पेन्सच्या दराने बिनजकात आलेल्या कापडापेक्षाही थोडे स्वस्तच. देशातल्या किमती उतरल्या असत्या तर ही दरी भरली असती, पण मजुरी तशी उतरत नाही. मग मालकांनी काम वाढवले : विणकाराकडे दोनऐवजी तीन माग, सूतखात्यात कातणयंत्राच्या एका बाजूऐवजी दोन. त्यातून 1928 चा सुमारे सहा महिन्यांचा संप उभा राहिला, आणि 1929 च्या ट्रेड डिस्प्यूट्स अ‍ॅक्टने सरकारवर दबाव आणणारे सहानुभूतीचे, म्हणजे दुसऱ्या धंद्यातल्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी केलेले, संप बेकायदा ठरवले.

गिरण्यांवर पुढची पुरवणी काढाल तेव्हा चिमण्यांच्या छायाचित्रांशेजारी एक तक्ता छापावा : वर्ष, आयात जकात, उत्पादन कर, रुपयाचा दर आणि त्या वर्षीचा संप. आज आयात शुल्क वाढवा म्हणणाऱ्यांनाही आणि नको म्हणणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. दोघेही बहुधा दुसरा रकाना पाहून थांबतात.

आपला,
एक वाचक