एचआरवाल्या ताई, थँक्यू राहिलंच होतं

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंय म्हणून नुसतं ताई. हे सगळं मी फोनवर बोलून टाईप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर फोनला बोला. परवा सर्टिफिकेट हातात आलं. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, वाचताना-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होतो ती, 40 टक्क्यांच्या वर. आईने ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मी म्हटलं अगं हा काय निकाल आहे का, तर म्हणे असू दे, पोरगी आळशी नाहीये हे शेवटी कोणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं ना. मला काही बोलता येईना, आत जाऊन भांडी घासत बसले.

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जेवलीस का" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांसमोर.

बीकॉमला 47 टक्के. एमबीएचं डोक्यात आलं तेव्हा आधी मी एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते. तिथल्या काउन्सेलर बाईंनी मार्कशीट बघितली, मग मला बघितलं, मग परत मार्कशीट. "50 च्या खाली सीईटी देऊन उपयोग नाही," म्हणाल्या, सीईटी म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, आणि लगेच ड्रॉवरमधून कुठल्यातरी प्रायव्हेट डिप्लोमाचं माहितीपत्रक काढलं, डायरेक्ट ॲडमिशन, आज पैसे भरले तर डिस्काउंट. मला ते वाचायला वेळ लागला तर म्हणतात कशा, "घरी कोणी वाचून दाखवणारं आहे का?" चारचौघांत.

शाळेबद्दल तर बोलायलाच नको. घ चा ध, भ चा म, ओळ सुटायची, आणि बाई मुद्दाम मलाच उभं करून धडा वाचायला लावायच्या, वर्ग हसून घ्यायचा. महाराष्ट्रात दहावीला अशा मुलांसाठी सवलती 1996 पासून आहेत, जादा वेळ वगैरे, हे मला तुमच्याकडून कळलं, म्हणजे माझा जन्मही व्हायच्या आधीपासून! आमच्या अख्ख्या शाळेत एकालाही माहीत नव्हतं? की माहीत होतं पण मराठी मीडियमच्या पोरांचे कशाला असले लाड, असं वाटलं? राग आहे ताई मला, आणि तो जाईल असं वाटत नाही.

आता तुमचं. डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करतात तिथे, मी ई-वे बिलाचा (मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचा) 12 आकडी नंबर उतरवताना बोट ठेवून तीन-तीन आकडे पुटपुटते, त्यावर बाकीचे "हिचा जप सुरू झाला" म्हणायचे. तुम्ही एकदा गेटपासच्या कामाला खाली आलात, शेजारी उभं राहून बघितलंत आणि काहीही न बोलता निघून गेलात. तोपर्यंत मला तुमचे मेसेज टाईप केलेले यायचे, लांबलचक, मुद्दे पाडलेले. त्या संध्याकाळपासून व्हॉइस मेसेज यायला लागले. फक्त मला. ग्रुपवर तुम्ही टाईपच करत होतात, आणि तेच परत मला वेगळं बोलून पाठवत होतात, कोणाला पत्ता लागू न देता. वाचायला जड जातं का गं, हे तुम्ही कितीतरी नंतर विचारलंत, आधी सोय करून टाकलीत. व्हॉइस मेसेजचा तुम्हाला किती तिटकारा आहे ते सगळ्या ऑफिसला माहितीये, "लिहायला हात नाहीत का" म्हणून तुम्ही मॅनेजरला सुद्धा झापलंय. आणि माझ्यासाठी मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच मुलाला "दप्तर भरलंस का", रिक्षाचे हॉर्न. एकदा दूध उतू गेलं तर तुम्ही "अगं बाई!" म्हणून मेसेज तिथेच सोडलात. तो मी अजून डिलीट केलेला नाही.

त्यानंतर जे झालं, हॉस्पिटल, लाईनी, टेस्ट, शिक्के, "साहेब उद्या येतील", ते लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. पण 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी पण येते आणि आपल्या महाराष्ट्रातल्या दिव्यांग उमेदवाराला एमबीएसाठी 45 टक्के चालतात, हे तुम्ही एका मिनिटात सांगितलंत. क्लासवाल्या बाई पगार कशाचा घेतात मग?

आणि तुम्ही मला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाहीत. सीईटीला 200 प्रश्न, 150 मिनिटं, जादा वेळ मिळाला तरी घाम फुटेल म्हणालात, निगेटिव्ह मार्किंग नाही एवढंच बरं. खरं अवघड ॲडमिशननंतर, पानंच्या पानं केस स्टडी, रोज, तेव्हा फोनकडून वाचून घे आणि सरांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाक, लपवत बसू नको. मी विचारलं, मग करू की नको? तर म्हणालात, "कुठली गाडी कसारा घाटात अडकणार आणि कुठला ट्रान्सपोर्टवाला दिवाळीत फोन उचलणार नाही हे तुला तोंडपाठ आहे, एमबीएत ऑपरेशन्स विषयाला बसणाऱ्या निम्म्या पोरांनी ट्रक जवळून बघितलेला नसतो. आता तुझं तू ठरव." इतक्या वर्षांत मला काय येतं हे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं.

अशी माणसं असतात बरं का, आपल्यालाच दिसत नाहीत कारण ती गाजावाजा करत नाहीत. आमच्या बसचा एक कंडक्टर आहे, पाटी न वाचता येणाऱ्या आज्जींना त्यांचा स्टॉप आला की फक्त "चला माउली" म्हणतो, वसकन अंगावर येत नाही की उपकार केल्यासारखा चेहरा करत नाही. मोठमोठे सत्कार होतात ते बघून मला हल्ली काही वाटत नाही, पण याला रोज बघावंसं वाटतं.

सीईटीच्या फॉर्मच्या तारखा आल्या की रविवारी घरी येते. स्पेलिंग तेवढी तुम्ही बघा, बाकी मी भरते. आणि नोकरी सोडून करायचं की नोकरी सांभाळून, ते बाबांशी तुम्हीच बोला. ते माझं ऐकत नाहीत, तुमचा फोन आला की मात्र आधी शर्ट घालतात आणि मग उचलतात.