माझी गाडी ऐंशीच्या वर जात नाही, साहेब

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी मिरजेचा टुरिस्ट गाडीवाला. एकच गाडी, सात सीटर, पिवळी पाटी. गेल्या सोमवारी ती पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, घातली होती. ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर, पीयूसी, सगळं बरोबर निघालं. मग खिडकीतल्या माणसाने मला स्क्रीन दाखवला. गाडीवर ओव्हरस्पीडची दोन चलानं आहेत, परराज्यातली, ११ महिन्यांपूर्वीची. प्रत्येकी २,००० रुपये. आधी भरा, मग पासिंग.

पैशांचं दुःख आहेच, पण आधी एक गंमत सांगतो. त्याच खिडकीत, त्याच माणसाला, पाच मिनिटांपूर्वी मी स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट दिलं होतं. टुरिस्ट टॅक्सीला ताशी ८० वर लॉक असलेला गव्हर्नर हवा, हा नियम तुमच्याच मंत्रालयाचा. त्याशिवाय पासिंग होत नाही. म्हणजे सरकारच्या एका कागदावर लिहिलंय की ही गाडी ऐंशीच्या वर जाऊच शकत नाही, आणि दुसऱ्या कागदावर ती ९७ ने गेली. दोन्ही कागद त्याने एकाच पिनेने टाचले. मी म्हणालो, साहेब, यातला खोटा कुठला ते सांगा, तो मी घरी नेतो. तो हसला. चांगला माणूस होता, त्याच्यावर राग नाही.

उतारावर गाडी चार-पाचने पुढे जाते, हे मान्य. गव्हर्नरची वायर काढून फिरणारे आमच्या स्टँडवर आहेत, हेही मान्य. माझ्या गाडीचं सील शाबूत आहे.

आता ती चलानं. बालाजीची वर्दी होती, म्हणजे भाड्याची फेरी. राज्याचं नाव लिहीत नाही, माझं भांडण राज्याशी नाही. दोन्ही एकाच रस्त्यावरची, १४ मिनिटांच्या अंतराने, पहाटे पावणेपाचला. फोटोत गाडीचा मागचा भाग आणि नंबरप्लेट. चालवत कोण होतं ते फोटोत नाही. मी सांगतो, मी नव्हतो. रात्रभर चालवून चार वाजता बदली ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि मागच्या सीटवर आडवा झालो. तो पोरगा आता पुण्यात कंपनीच्या बसवर आहे, फोन उचलत नाही. त्याने वायर काढली आणि उतरताना परत जोडली असेल का? असेलही. मी झोपलो होतो. कॅमेरा जागा होता, पण त्यालाही चेहरा दिसला नाही.

म्हणून तुम्हाला लिहितोय. लायसनला पॉइंट लावायची पद्धत येणार, ठरावीक पॉइंट झाले की लायसन निलंबित, असं २०२५ पासून पेपरात वाचतोय. जरूर आणा. पण परराज्यातल्या या दोन चलानांचे पॉइंट कुणाच्या लायसनवर बसणार? गाडी माझ्या नावावर, हात त्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे चालवणाऱ्याचं नाव मालकाने कळवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण ११ महिन्यांनी, चारशे किलोमीटरवरच्या कचेरीत, जिथली भाषा मला येत नाही, तिथे जाऊन कुणाला कळवू?

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मेरीलँड राज्यात पोलिसाने त्याची गाडी बाजूला घेऊन स्पीडचं तिकीट दिलं. तिथल्या बहुतेक राज्यांचा आपसात करार आहे, तिकीट आपल्या राज्याच्या वाहन खात्याला कळतं. न्यू जर्सीने त्याच्या लायसनवर दोन पॉइंट टाकले. परराज्यातला गुन्हा असला की तिथे दोनच. शेजारच्या न्यूयॉर्कवाल्याच्या लायसनवर दुसऱ्या अमेरिकी राज्यातल्या तिकिटाचे पॉइंटच बसत नाहीत. म्हणजे घोळ तिकडेही आहे. पण एक गोष्ट ऐका. त्याच मेरीलँडमध्ये स्पीड कॅमेऱ्याने पकडलं तर दंड होतो, पॉइंट लागत नाहीत. पोलिसाने थांबवलं तर समोर माणूस असतो. कॅमेऱ्यासमोर नुसती पाटी असते.

आमच्याकडे पॉइंट यायच्या आधीच धाक सुरू झालाय. त्याच कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे, दुसऱ्यांदा ओव्हरस्पीड झालं की लायसन जप्त. २०१५ साली सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर किमान तीन महिने निलंबनाचं सगळ्या राज्यांना कळवलं होतं. खिडकीवाला सहज म्हणाला, "दोन आहेत ना, लायसनचा प्रस्तावही जाऊ शकतो." त्या रात्री मी जेवलो नाही. तीन महिने लायसन नाही म्हणजे तीन महिने हप्ता नाही, पोरीची फी नाही. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. २५ वर्षं विनाअपघात म्हणून डेपोत त्यांचा सत्कार झाला, ती शाल अजून कपाटात आहे. मी स्वतः २६ वर्षं चालवतोय. कुणाच्या म्हशीलासुद्धा धक्का लावलेला नाही. आणि लायसन जाणार कशावर, तर मी झोपेत असताना काढलेल्या फोटोवर!

नोटीस आली नाही का, असं विचाराल. तुमच्याच मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ काढला. त्यात होतं, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, कॅमेऱ्याच्या आधी तसा फलक लावायचा, यंत्राला दरवर्षी मंजुरी घ्यायची. फलक मी पाहिला नाही, झोपलो होतो ना. नोटीस मात्र मला आली नाही. कारण गाडी घेताना शोरूमच्या पोराने फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकलाय. हेही सोमवारीच कळलं. आमच्या स्टँडवर अशा निम्म्या गाड्या असतील. घरचा पत्ता आरसी बुकावर छापलाय, त्या पत्त्यावर पोस्टमन येतो, बँकेची नोटीस बरोबर येते. चलानच तेवढं वाट चुकतं.

आणि भरायचं तरी कशासाठी? फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने थकलेल्या चलानांवर ५० टक्के सूट दिली. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकीवाल्यांना ७५ टक्के सोडले. उत्तर प्रदेशाने २०१७ ते २०२१ ची प्रलंबित चलानं रद्दच केली. ज्याने वेळेत भरलं तो येडा, ज्याने थकवलं तो शहाणा. लोकअदालतीत तडजोड होते म्हणून आमचे लोक तारखा पाठ करून बसतात. हा दंड आहे की दिवाळीचा सेल?

वेगाने माणसं मरतात, हे मला शिकवू नका. २०२३ मध्ये देशात १ लाख ७२ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, मोठा वाटा वेगाचा. त्यातली काही मी डोळ्यांनी पाहिलीत, दोघांना याच गाडीतून सिव्हिलला पोहोचवलंय, सीट धुवायला दोन दिवस लागले. तेव्हा कुठल्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला नाही. टोल कापायला साऱ्या देशाला एकच फास्टॅग चालतो. गाडी महाराष्ट्राची की केरळची, असं तो विचारत नाही. दाद मागायची म्हटलं की मात्र प्रत्येक राज्य वेगळं, प्रत्येक कोर्ट वेगळं. आणि लाल दिवे गेले म्हणता, पण ताफे गेले का? त्यातल्या गाड्यांना कुणी गव्हर्नर लावलाय का हो?

मागणी फार नाही. परराज्यातल्या चलानावरची तक्रार माझ्याच जिल्ह्यात ऐकली जावी. चालवणाऱ्याचं नाव मोबाईलवरून कळवता यावं. नोटीस टपालानेही यावी. आणि फोटोत माणूस दिसत नसेल तर लायसनला हात लावू नये, दंड घ्या.

४,००० रुपये मी भरलेत. सोमवारी पासिंग झालं नाही म्हणून पंढरपूर-तुळजापूरची दोन दिवसांची वर्दी गेली, ती वेगळी. तारीख आता पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.

आपला,
मिरजेचा एक टॅक्सीवाला

ता. क. : गाडीच्या नोंदीतला मोबाईल नंबर बदलायला काल ऑनलाइन बसलो होतो. ओटीपी शोरूमच्या पोराच्या नंबरावर गेला.