प्रथिन ‘नष्ट’ होत नाही, उलगडते

महोदय,

‘उष्णतेने प्रथिन नष्ट होते’ असे लेखांत सर्रास छापले जाते. ते नेमके नाही. प्रथिन म्हणजे घडी घातलेली अमिनो आम्लांची साखळी. साखळी सहसा शाबूत राहते. मोडते ती तिची घडी, कारण ती धरून ठेवणारे हायड्रोजन बंध कमकुवत असतात. आणि काम करते ती घडीच.

क्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी हे रायबोन्यूक्लिएज या विकरावर दाखवले (१९७२चे रसायनशास्त्राचे नोबेल, विभागून). त्यात १२४ अमिनो आम्ले आणि गंधकाचे ४ दुवे. ८ मोलर (म्हणजे बरेच दाट) युरिया घडी सोडवतो व मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन गंधकाचे दुवे तोडते; दोन्ही घातले की साखळी उलगडते, काम थांबते. दोन्ही काढून द्रावण हवेत ठेवले की घडी आपोआप परत बसते. दोन्ही काढण्याचा क्रम मात्र चुकता कामा नये. युरिया असतानाच दुवे जुळू दिले, तर ८ सिस्टीनच्या (हे दुवे जोडणाऱ्या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या) चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. त्यांतला बरोबर एकच. मग क्रियाशीलता जेमतेम १ टक्का!

दाट द्रावणात तर उलगडलेल्या साखळ्यांचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. तो नुसते थंड करून सुटत नाही. ‘नष्ट’ हा शब्द बहुधा इथूनच आला असावा.

– जैवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक