सभासदांसाठी सूचना : संगणकावरील खाते तपासून घेणे

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाचनालयाची देवघेव आता रजिस्टरऐवजी ‘कोहा’ या संगणक प्रणालीवर होत आहे. प्रत्येकाने पोळ्याच्या आत काउंटरवर येऊन आपले खाते तपासून घ्यावे.

सर्वात मोठा घोळ दुहेरी खात्यांचा आहे. रजिस्टरवरून नोंदी चढवताना एकाच माणसाचे नाव कुठे आडनाव आधी, कुठे नंतर असे पडले. लग्नानंतर नाव बदललेल्या बऱ्याच जणींचीही दोन-दोन खाती दिसतात. अशी खाती एकत्र करता येतात. दोनपैकी जे खाते ठेवायचे त्यावर घरी असलेली पुस्तके आणि दंडाची बाकी येते व दुसरे खाते निघून जाते. हे एकदा केले की उलटवता येत नाही. म्हणून सभासद समोर असल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. डवरणीची घाई आहे, मान्य. पण शेजाऱ्याच्या हाती निरोप पाठवून हे काम होणार नाही.

मुदत संपलेल्या खात्यावर पुस्तक मिळणार नाही. वर्गणी भरली की मुदत वाढवून मिळेल. शाळकरी मुलांच्या खात्याला आई किंवा वडिलांचे खाते जोडून घ्यावे.

कार्ड हरवल्यास त्याच दिवशी सांगा. तशी खूण केली की त्या कार्डावर पुस्तक जात नाही. उशीर केला आणि दुसऱ्याने पुस्तक नेले, तर ते तुमच्याच नावावर दिसेल.

चालू मोबाईल नंबरही सांगावा. आधारची झेरॉक्स आणू नये, ती आम्हाला नको आहे.

वेळ सकाळी ८ ते ११, वीज असल्यास.

— ग्रंथपाल